मांजरपाटाखालची फियाट

आमच्या आईवडिलांच्या पिढीनं घरात आलेली प्रत्येक मोलाची वस्तू झाकून ठेवली. रेडिओवर क्रोशाचा रुमाल, शिवणयंत्राच्या लाकडी झाकणावर पुन्हा भरतकामाचा कपडा, पेटीला खोळ, तंबोऱ्याला गवसणी. टीव्ही आला तोच मुळी सरकत्या लाकडी शटरच्या कपाटातून आला. मिक्सरला फुलाफुलांचं कव्हर होतं, फ्रिजच्या डोक्यावर झालरीचं कापड होतं. आणि ज्या थोड्या घरांत मोटार होती, त्या घरांतली सगळ्यांत मोठी खोळ मोटारीची असे. दादर-पार्ल्याच्या सोसायट्यांमध्ये, पुण्याच्या वाड्यांच्या चौकात, सांगली-कोल्हापुरात डॉक्टर-वकिलांच्या बंगल्यांच्या पडवीत ती मळकट पांढरी आकृती आम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. कुणाच्या घरी ती बाबांची होती, कुणाच्या घरी अण्णांची, कुणाकडे आजोबांनी घेतलेली आणि काकांनी सांभाळलेली. खाली गाडी बहुतेक वेळा फियाट.

ती गाडी आपल्याकडचीच म्हणायची. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली, कारखाना कुर्ल्याला. पन्नाशीच्या दशकात तिथून बाहेर पडलेल्या, पुढचे दरवाजे उलट्या बाजूनं उघडणाऱ्या गोलमटोल गाडीला मुंबईनं ‘डुक्कर फियाट’ हे नाव दिलं, आणि ते प्रेमाचंच होतं. साठीच्या दशकात चौकोनी अंगाची, मागे बारीक पंख काढलेली फियाट ११०० आली, आणि पुढे सत्तरीत तिलाच प्रीमियर पद्मिनी म्हणू लागले. कागदावर नाव काहीही असो, घरात ती ‘फियाट’च राहिली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांडीवर गिअर, पुढं सलग बाक. त्या बाकावर बाबा, आई आणि मधे एक मूल सहज बसत असे, आणि मधल्या जागेवरून भावंडांत भांडणं होत. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिली तेव्हा ती मिळाली होती. तिच्याकडे केवळ वाहन म्हणून बघणं त्या पिढीला शक्यच नव्हतं.

आजच्या मुलांना सांगितलं तर पटत नाही, पण ती गाडी चालायची कमी आणि उभी राहायची जास्त. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागलं तसं तर फारच. बाबा कचेरीला लोकलनं किंवा बसनं जात. गाडी निघायची ती लग्नामुंजीला, दवाखान्याला, गणपती आणायला, रविवारी आजीला देवदर्शनाला न्यायला आणि मे महिन्यात गावाला. खंडाळ्याच्या नाहीतर कुंभार्लीच्या घाटात बॉनेट उघडून रेडिएटर थंड होण्याची वाट बघत बसलेली कुटुंबं ही त्या काळातली अगदी नेहमीची गोष्ट होती. बाकीचे दिवस गाडी झाकलेली. म्हणजे गाडी साठवून ठेवणं हा विषय आज जुन्या गाड्यांच्या शौकिनांचा मानला जातो, पण आमच्या घरांत तो रोजचा होता. कव्हर कशाचं असावं, कसं शिवावं, कसं घालावं आणि कधी काढावं, याचं एक पक्कं घरगुती शास्त्र होतं. ते कुणी लिहून ठेवलं नाही. ते इतकं बरोबर होतं, हे पुढं ते मोडल्यावर कळलं.

कापड मांजरपाट. जाड, न रंगवलेलं, गिरणीतून आलेलं तसं. ते आणलं की आधी भिजवायचं. मांजरपाटाला खळ असते. ती राहिली तर पावसाळ्यात तिच्यावर बुरशी धरते, कसर लागते, आणि कापडही टरटरीत राहून रंगावर घासतं. शिवाय सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. न भिजवता शिवलेलं कव्हर पहिल्या धुण्यानंतर बंपरपर्यंत पोचत नसे. म्हणून बादलीत रात्रभर, मग खळखळून धुणं, गच्चीवर वाळवणं आणि त्यानंतर माप. रंगीत कापड घ्यायचं नाही, ही बहुतेक घरांतली सक्त ताकीद. ओलं झालेलं रंगीत सूत फिकट गाडीवर आपला रंग सोडतं, आणि त्या काळच्या ड्युको पेंटवर पडलेला डाग पॉलिशनं जातोच असं नाही.

माप घेणं हा सोहळा होता. शिंपी गाडीपाशी यायचा किंवा आई-काकू स्वतः टेप घेऊन उभ्या राहायच्या. छताचा एक सलग पट्टा, दोन्ही बाजूंना दोन पट्टे, पुढं-मागं तुकडे. शिवण छताच्या मधोमध येऊ द्यायची नाही, कारण पाणी आणि धूळ शिवणीतूनच उतरते. आरशासाठी बाहेरच्या अंगाला छोटी पिशवी, एरियलसाठी काज्यासारखं भोक आणि त्याला दुहेरी कापडाची गोल चकती. मागच्या पंखांच्या टोकाशी अस्तर दुप्पट, कारण कव्हर तिथंच आधी विरतं. खाली नेफा आणि त्यात नाडी. आणि सगळ्यांत आतून, छत आणि बॉनेट जिथं कापडाला टेकतात तिथं, आजीच्या जुन्या सुती लुगड्याचे पदर. वर्षानुवर्षं धुऊन मऊ झालेल्या त्या लुगड्याइतकं रंगाला सुखाचं कापड आजही दुकानात मिळत नाही. परदेशी कव्हरांच्या जाहिरातीत आता ‘मऊ आतला थर’ म्हणून जे विकतात, ते आमच्या आज्यांनी टाकाऊतून करून ठेवलं होतं.

कव्हर काढायला दोन माणसं लागत. ओढून काढायचं नाही. पुढून मागं घडी घालत न्यायचं, आणि घडी अशी की धुळीची बाहेरची बाजू धुळीच्या बाजूलाच मिळेल. आतल्या बाजूला धूळ लागली की तेच कव्हर पुढच्या वेळी रंगावर पॉलिशपेपरचं काम करतं. आम्हा मुलांकडं मागची दोन टोकं धरायचं काम असायचं. जमिनीला टेकू दिलं तर कव्हर पुन्हा झटकावं लागे. गाडी बाहेरून आली, की गरम इंजिनावर लगेच कव्हर चढवायचं नाही आणि ओल्या गाडीवर तर मुळीच नाही. आधी पाणी, मग पिवळं फडकं, मग दरवाजांच्या कडा आणि डिकीच्या पन्हळीत राहिलेलं पाणी कपड्याच्या बोळ्यानं टिपायचं, आणि मगच झाकायचं. हा सगळा खटाटोप कोणाला दाखवायला नव्हता. बाबा एरवी फार बोलत नसत, पण या बाबतीत घाई केलेली त्यांना खपत नसे.

यामागचं कारण साधं आहे, पण नीट समजून घेण्यासारखं आहे. रात्री पत्रा हवेपेक्षा लवकर गार होतो, आणि गार पत्र्यावर हवेतली वाफ दव होऊन बसते. उघड्या गाडीवरचं दव सकाळच्या उन्हात उडून जातं. सुती कापडाखालचंही विणीतून हळूहळू निघून जातं. प्लास्टिकखाली मात्र ते कोंडतं. दिवसा ऊन तापलं की आत वाफ होते, रात्री तीच वाफ पुन्हा पत्र्यावर बसते, आणि हे चक्र रोज चालू राहतं. जमिनीतून येणारी ओल वेगळीच. बाहेरून कव्हर कोरडं ठणठणीत दिसतं आणि आत गाडी पावसात उभ्या असलेल्या गाडीपेक्षा जास्त ओली असते. रंगाला फोड येतात, क्रोमवर बारीक खड्डे पडतात, काचेभोवतीचं रबर सडतं. दरवाजांचा खालचा काठ, चाकांच्या कमानी, डिकीतली स्टेपनीची जागा आणि पायदान, म्हणजे पायाखालचा पत्रा, हे गंजाचे ठरलेले मुक्काम. फियाटच्या बाबतीत पायदान फार महत्त्वाचं. या गाडीला खाली वेगळी चेसिस नाही. पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. तो खालून सडला, तर वरून कितीही सुंदर रंग दिला तरी गाडी चालवण्याजोगी राहत नाही.

ऐंशीच्या दशकात घरोघरी हेच झालं. प्लास्टिक स्वस्त झालं, मेणकापड आणि नायलॉनची कव्हरं आली, मग चंदेरी रंगाची. धुवायला नकोत, वाळवायला नकोत, पावसाचा थेंब आत जात नाही, आणि दिसायला चकचकीत. मांजरपाटाची खोळ जुनाट वाटू लागली. त्याच सुमारास, म्हणजे १९८३ च्या अखेरीस मारुती ८०० आली, आणि फियाट घरातली दुसरी गाडी झाली. आधी आठवड्यातून एकदा निघणारी महिन्यातून एकदा निघू लागली, मग दिवाळीला, मग नाहीच. चालत नाही आणि त्यावर प्लास्टिक, अशी दोन्ही बाजूंनी तिची कोंडी झाली. आमच्या नात्यातल्या एका मामांच्या घरी मुंबईला अशीच एक गाडी होती, पांढरी, सगळ्या भाचवंडांची लाडकी. दोन पावसाळे ती जाड प्लास्टिकखाली राहिली. कव्हर काढलं तेव्हा छत अगदी कालच्यासारखं होतं. दरवाजा उघडला तेव्हा पायाखालचा पत्रा चिवड्यासारखा हाताला आला. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. ती गाडी भंगारात गेली.

म्हणून आज कुणी घरातली जुनी गाडी जपायची ठरवली आणि विचारलं, की कव्हर कोणतं घेऊ, तर पहिला प्रश्न गाडी कुठं उभी असते हा असावा. बंद गॅरेजमध्ये किंवा पक्क्या छपराखाली असेल तर पावसाचा प्रश्नच नाही. तिथं शत्रू धूळ, उंदीर आणि दमट हवा. तिथं सुती कापडच हवं, आणि ते मऊ हवं. गाडी उघड्यावर असेल तर सुती कापड चालणार नाही. ते पाणी पितं आणि ओल्या पंचासारखं रंगाला चिकटून राहतं, आणि मग प्लास्टिकइतकंच वाईट ठरतं. अशा ठिकाणी पाणी थोपवणारं पण वाफ बाहेर सोडणारं थरांचं कापड लागतं. न विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनचे थर एकमेकांवर चिकटवून केलेली अशी कव्हरं आता आपल्याकडे सहज मिळतात. मात्र आपल्या उन्हात ती टिकत नाहीत. सोलापूर-नागपूरच्या उन्हाळ्यात स्वस्तातलं असं कव्हर लवकरच भुसभुशीत होऊन हातात त्याचा भुगा येतो, आणि तो भुगा रंगावर बसतो. विकत घेताना विक्रेत्याच्या बोलण्यावर न जाता कापड वाफ बाहेर सोडतं का, हे बघा. थोडीही वाफ पलीकडे जात नसेल, तर त्या कव्हरावर काहीही छापलेलं असो, ते प्लास्टिकच आहे.

परदेशी पुस्तकांत आणि मासिकांत जुन्या गाड्या साठवण्याचे जे सल्ले असतात, ते बहुतेक हिवाळ्यासाठी लिहिलेले असतात. तिकडं बर्फ पडतो, रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणून लोक गाडी चार महिने आत ठेवतात. त्यांचं मीठ रस्त्यावर, आपलं हवेत. मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, पणजीला समुद्राचा वारा वर्षभर मीठ आणून टाकतो. आपले जपण्याचे चार महिने मृगापासून दसऱ्यापर्यंत, आणि ते गार नसतात, उबदार आणि दमट असतात. बुरशीला याहून चांगला काळ नाही. त्यामुळे कोकणपट्टीत जाड, उबदार अस्तराचं कव्हर कितीही भारी असलं तरी घेऊ नये. ते ओल धरून ठेवतं. पातळ, सैल विणीचं आणि आठवड्याला धुऊन वाळवता येईल असं कापड तिथं बरं. देशावर मात्र धूळ आणि ऊन हे खरे त्रास, तिथं जरा जाड विणीचं कापड चालतं.

माप हा दुसरा मुद्दा. फियाट जवळपास चार मीटर लांब, पण रुंदीला दीड मीटरही नाही. आजच्या चार मीटरच्या आतल्या गाड्यांसाठी तयार मिळणारं कव्हर लांबीला बसतं आणि रुंदीला चांगलं वीतभर जास्त होतं. ते सैल कापड वाऱ्यानं दिवसभर फडफडतं. प्रत्येक फडफडीला धुळीचे कण रंगावर घासले जातात आणि वर्षभरात पंखांच्या कडांवरचा रंग खाली पत्र्यापर्यंत निघतो. म्हणून जुन्या गाडीला शिवून घेतलेलं कव्हरच घ्यावं, हे माझं ठाम मत आहे. पुण्यात बोहरी आळीत कापडापासून नाडीपर्यंत सगळं मिळतं, आणि पडदे-सोफ्यांची कव्हरं शिवणारा कुणीही कारागीर हे काम करू शकतो. फक्त त्याला गाडीपाशी बोलवा, कागदावरची मापं देऊ नका. खाली रबरी इलॅस्टिकपेक्षा नाडी चांगली, ती वर्षानं बदलता येते. पोटाखालून एक पट्टा, पण त्याचं बक्कल प्लास्टिकचं असावं. लोखंडी बक्कल वाऱ्यानं दरवाजावर आपटतं. आणि कव्हर जमिनीला टेकू नये, चाकाच्या मध्यापर्यंत आलं तरी पुरे. खालून हवा खेळली पाहिजे.

कोकणातल्या काही घरांनी याचं सगळ्यांत चांगलं उत्तर कधीच शोधून ठेवलं होतं. चार खांब, वर कौलं किंवा पत्रे, तिन्ही बाजू मोकळ्या, पावसाच्या झडीच्या बाजूला झापं. गाडीच्या अंगावर फक्त सुती खोळ. पाऊस छपरानं थोपवायचा, धूळ कापडानं. एकाच कापडाकडून दोन्ही कामं करून घ्यायला गेलं की ते दोन्हींत कमी पडतं. प्लास्टिक घरात असेलच तर ते गाडीखाली जमिनीवर अंथरावं. मातीतून किंवा शहाबादी फरशीच्या सांध्यांतून वर येणारी ओल ते अडवतं. गाडीच्या बाबतीत प्लास्टिकची योग्य जागा तीच आहे.

कव्हराखाली काय करायचं हेही आमच्या वडीलमाणसांना ठाऊक होतं. बॅटरीची तार काढायची. हँडब्रेक सोडून चाकापुढं-मागं विटा लावायच्या, नाहीतर ब्रेक ड्रमला चिकटून बसतो. सायलेन्सरच्या तोंडात फडक्याचा बोळा, उंदीर शिरू नये म्हणून. सीटखाली डांबराच्या गोळ्या, काही घरांत कडुनिंबाचा वाळलेला पाला. काचा बोटभर खाली. पायातलं मॅट उचलून उभं करायचं, त्याच्याखालीच ओल साठते. दीर्घकाळ ठेवायची तर लाकडी ठोकळ्यांवर उचलून ठेवायची, म्हणजे टायर एका बाजूनं चपटे होत नाहीत. फक्त दर रविवारी पाच मिनिटं इंजिन सुरू करून बंद करण्याची जी सवय पुष्कळांना होती, ती बरोबर नव्हती असं अनुभवी मेकॅनिक सांगत. इंजिन पुरतं तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साठतं आणि तो आतून सडतो. चालवायची तर नीट गरम होईपर्यंत चालवावी. आणि आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढतं. त्यामुळे महिनोन्महिने कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल तसंच ठेवणं पूर्वीपेक्षा जास्त वाईट.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी कव्हर उतरत असे. धुऊन गच्चीवर वाळत पडे आणि गाडी उघडी, धुतलेली, बॉनेटवर झेंडूची माळ घातलेली, चाकांखाली लिंबं ठेवलेली. आई हळदकुंकू वाहायची. नारळ फुटला की सगळ्यांनी एक फेरी मारून यायचं, मग ती गल्लीच्या टोकापर्यंत का असेना. शेजारची मुलंही त्यात असत. त्या पिढीतलं कुणी आज भेटलं, की गाडीच्या वेगाविषयी एक शब्द निघत नाही. निघतात त्या ह्या फेरीच्या, दांडीवरच्या गिअरच्या, पुढच्या बाकावरच्या मधल्या जागेच्या आणि कव्हराची टोकं धरण्याच्या आठवणी.

शतक सरता सरता कुर्ल्यातली फियाट थांबली. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यावरून काळीपिवळी पद्मिनी टॅक्सीही गेली, वीस वर्षांची वयोमर्यादा संपल्यामुळे. आता उरल्या आहेत त्या घरातल्या. २०२१ पासून केंद्र सरकारच्या नियमांत पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते, दहा वर्षांसाठी. रोजच्या वापराला ती चालत नाही, पण प्रदर्शनाला आणि रॅलीला गाडी काढता येते. म्हणजे साठीच्या दशकात किंवा सत्तरीच्या सुरुवातीला घेतलेली बाबांची गाडी आज कायद्यानंही जपण्याजोगी ठरली आहे. पण अट अशी, की ती मूळ स्थितीत असली पाहिजे, तिच्यात फार मोठे बदल केलेले नसावेत. पायदान आणि मूळ पत्रा शाबूत राहण्याला त्यामुळे आणखी महत्त्व आलं आहे.

अशा अनेक गाड्या आज वयस्कर आईवडिलांच्या दारात आहेत आणि मुलं बंगळूरला, अमेरिकेत, लंडनला. तिथून प्रेमानं एक चकचकीत कव्हर मागवून पाठवलं जातं, आणि ऐंशीच्या घरातले बाबा ते निगुतीनं घालून ठेवतात. त्यांनी आयुष्यभर कव्हर काढायला दुसरं माणूस बोलावलं होतं. आता बोलवायला घरात कुणी नसतं, म्हणून ते काढलंच जात नाही. ज्यांच्या घरी असं आहे त्यांना एवढंच सांगायचं आहे, की यंदा मृग लागायच्या आत घरी जा. ते कव्हर उतरवा, गाडीचे चारही दरवाजे उघडून एक दिवस तिला ऊन दाखवा, मॅट उचलून पायाखालचा पत्रा बोटानं दाबून बघा. मग बाबांना बरोबर घेऊन मांजरपाट आणा, भिजवा, आणि त्यांच्या देखरेखीखाली शिवून घ्या.